मुकादमाचा पाय

९ जानेवारी

मुकादमाने आज जीव खालीवर केला. मागच्या अंगणात छपराचा जुना पत्रा भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याच्यामागे मांजर शिरलं आणि मांजरामागे आमचे कुत्रेसाहेब. पत्रा कोसळला तो थेट त्याच्या मागच्या पायावर. मी पुढे लाँड्रीत कोटांचे खिसे तपासत होते. किंकाळी ऐकून धावले, तोवर आप्पांनी खुर्चीतून उठून पत्रा उचललाही होता आणि त्याला ओढून बाहेर काढलं होतं. ऐंशीच्या घरात आले, पण हौस बघा. दोघेही रक्ताने माखलेले. आप्पांचा पायजमा, चपला, सगळं लाल. मी जवळ गेले तर माझ्यावरच खेकसले, "मला काही झालेलं नाही, त्याला बघ आधी!"

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून बसते. पोरसवदा आहे, मला मावशी म्हणते. तिच्या मावशीच्या वयाची असले म्हणून काय झालं? तिने पाय धुतला, केस कापले आणि सांगितलं की टाके घालता येणार नाहीत, कारण ओढून शिवायला कातडीच उरलेली नाही. जखम उघडी ठेवायची आणि आतून भरून येऊ द्यायची. रोज उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायची, मलम लावायचं, वर गॉजची घडी आणि सैल पट्टी. चाटू द्यायचं नाही. "आणि कुजली तर पाय कापावा लागेल," हे ती बिल करता करता म्हणाली.

घरी येऊन आप्पांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. धाकटे काका आठवले असणार. पायाच्या अंगठ्याला लागलं म्हणून गेले होते, मांडीपर्यंत कापून घेऊन आले आणि मग काही फार टिकले नाहीत. मी म्हटलं, आप्पा, हा कुत्रा आहे, तीन पायांवरही दादागिरी करेल. ते काही हसले नाहीत.

फरशी मीच पुसली. रक्ताला गार पाणी. गरम लावलंत की डाग शिजून बसतो, हे मला शिकवणारे आप्पाच. थेंब अंगणातून आत येऊन आप्पांच्या पलंगापर्यंत गेले होते. मुकादमाला तर मी अंगणातूनच उचलून गाडीत घातलं होतं, मग हा आत कधी फिरून आला? पण त्या गडबडीत माझं तरी लक्ष कुठे होतं. आप्पांच्या चपला भिजवायला मागितल्या तर त्यांनी धुऊन वाळत टाकल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच काही धुतलंत, आई असती तर म्हणाली असती.

१० जानेवारी

पहिली पट्टी. दोनदा हात धुऊन बसले. पट्टी सोडली तर आत मांस, आणि मधोमध पांढरी दोरीसारखी शीर. मी आप्पांना त्याचं डोकं धरायला बसवलं. ते मात्र शांत. सगळं बारीक बघत होते, मलम किती, घडी कशी, पट्टी कुठून सुरू करायची. "बोटांकडून वर यायचं, म्हणजे सूज खाली साचत नाही," असं मी डॉक्टरणीचंच ऐकवलं, आणि त्यांनी विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलंय, चाटू नये म्हणून. साहेब दाराच्या चौकटीला आपटत फिरतायत. लाँड्रीच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर देखरेख करणारा आमचा मुकादम, आणि आज गिऱ्हाइकं त्यालाच बघून हसत होती. फार वाईट वाटलं मला. हा पाय मी जाऊ देणार नाही.

आप्पा उठताना भिंतीला धरत होते. मी म्हटलं, "एका वेळी एकच पेशंट हं आप्पा. तुम्ही आजारी पडायचं नाही, मला आता कोणाचं करायची ताकद नाही." ते म्हणाले, "नाही गं पडत, बाई."

१४ जानेवारी

जखमेतून पाणी येतंय, वास नाही. डॉक्टरीण फोनवर म्हणाली उत्तम. दुकानात ढीग साचलाय, हॉटेलच्या चादरी परत गेल्या नाहीत म्हणून त्यांच्या मॅनेजरने फोनवर नाकाने कांदे सोलले. आप्पा म्हणाले, दुपारची पट्टी मी करतो, तू दुकान बघ. मी धास्तावले होते, पण बघितलं तर त्यांनी माझ्याहून सफाईने बांधली होती. आयुष्यभर शर्टाच्या घड्या घातलेला हात, शेवटी कामाला आला.

१९ जानेवारी

मलम संपलं! एवढीशी जखम आणि अख्खी ट्यूब? आप्पांना म्हटलं, तुम्ही काय त्याला लोणी फासता का? ते म्हणाले, "हात जड आहे माझा." नवीन ट्यूब आणि गॉजचं मोठं पाकीट आणलं. औषधवाला म्हणतो, ताई, घोडा पाळलाय का?

पण जखम! लाल, दाणेदार, ओलसर मांस वर येतंय. कडेने गुलाबी रेघ आत सरकतेय, ती नवी कातडी. डॉक्टरणीला फोटो पाठवला, तिने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. दिवसभर मी गिऱ्हाइकांना तो फोटो दाखवला. एका बाईंनी डोळे मिटून घेतले.

२३ जानेवारी

आप्पांमध्ये बरीच सुधारणा आहे म्हणायची. मोजे स्वतः धुतात आणि खिडकीत वाळवतात. लाँड्रीच्या घरात जन्म काढलेला माणूस, आजवर स्वतःचा रुमालसुद्धा पाण्यात घातला नाही. "तुला किती त्रास द्यायचा," म्हणतात. थंडी आहे म्हणून मोजे झोपतानाही काढत नाहीत. पायांना ऊब लागत नाही त्यांना, साखरेमुळे असेल. परवा एक चप्पल वाटेत निघून पडली तर यांना पत्ताच नाही, अर्ध्या अंगणात तसेच गेले. मी हसून लोटपोट.

जेवायला बसलो की मुकादमाचं नरसाळं काढते. काढलं की स्वतःची जखम चाटायला जाईल असं वाटतं, तर तो सरळ टेबलाखाली आप्पांच्या पायाशी. मोजा हुंगतो, चाटतो. आप्पा त्याला दुसऱ्या पायाने ढकलतात. उपकार फेडतोय, मी म्हटलं.

२८ जानेवारी

वास येतोय.

आप्पांच्या खोलीत शिरलं की आधी गोडसर आणि मग नाकात बसणारा. मुकादम तिथेच पलंगाच्या पायथ्याशी झोपतो. चादर काढली तर पायथ्याला पिवळट डाग, कडेला तपकिरी. हा डाग मी हजारांत ओळखेन. जखमेचा पू. आई अंथरुणाला होती तेव्हा सहा वर्षं हेच धूत होते.

पट्टी सोडून बघितलं. वरून जखम लालबुंद, चांगली दिसतेय. म्हणजे आत कुठेतरी सडतेय आणि वरून भरतेय. कपड्याचंही असंच असतं, वरून डाग गेलेला दिसतो आणि इस्त्री मारली की पुन्हा उगवतो. वरवर मिठाचं पाणी मारून भागणार नाही. माझा जीव टांगणीला लागलाय, आणि डॉक्टरीण मेली गावाला गेलीय.

२९ जानेवारी

आज मन घट्ट केलं. बादलीभर पाण्यात कपड्यांचं ब्लीच थोडं घातलं, अगदी थोडं, आणि जखम त्याने नीट चोळून धुतली. मुकादम असा ओरडला की समोरच्या दुकानातून माणूस आला. मी त्याला कवटाळून रडले. आप्पा दारात उभे राहून म्हणत होते, "अगं नको, त्याची जखम चांगली आहे, नको धुऊस, त्याला काही झालेलं नाही." मी म्हटलं, मग वास काय हवेतून येतोय?

त्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला तो हळवेपणा परवडत नाही. पाय वाचवायचा तर एकाने दुष्ट व्हावंच लागतं.

३१ जानेवारी

पुन्हा दोनदा धुतलं. लाल मांस पांढरट पडलंय, कडेची गुलाबी रेघ दिसत नाही. वास तसाच. आप्पा खोलीत अत्तर मारतायत, त्यामुळे आता दोन वास झाले.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीण आली गावाहून. जखम बघून तिने डोक्याला हात लावला.

"कशाने धुतलंत हे?"

सांगितलं.

"मावशी, ही जखम आहे, टेबलक्लॉथ नाही! नवीन आलेलं मांस जाळून टाकलंत तुम्ही. आत काहीही सडलेलं नव्हतं."

"पण वास येतो ना."

तिने नाक पार जखमेपाशी नेलं. "मला नाही येत. क्लोरिनचा येतोय फक्त. घरात कुठे उंदीर मेलाय का ते बघा."

मिठाचं पाणी, मलम, गॉज, पहिल्यापासून सुरू. तीन आठवड्यांची मेहनत मी माझ्याच हाताने पुसली. घरी येताना मुकादमाच्या नजरेला नजर देववत नव्हती. पण तिला सर्दी झाली असणार, वास येत नाही म्हणजे काय?

३ फेब्रुवारी

उंदीर शोधला. दुकानातल्या इस्त्रीवाल्याला दुपारी थांबवून घेतलं, कपाटं सरकवली, मोरीची जाळी काढली, माळ्यावरच्या पेट्या खाली घेतल्या. आईचे स्वेटर निघाले, उंदीर नाही. आप्पांची खोली शेवटी घेतली. "उठा जरा, पलंग ओढायचाय." ते म्हणाले, "मी बसलेलाच बरा, तुम्ही ओढा माझ्यासकट." तर इस्त्रीवाल्याने आणि मी राजाला मिरवावं तसं त्यांना पलंगासकट ओढलं. ते पायांवर घोंगडी घेऊन बसलेले, अंगात स्वेटर, कानाला मफलर. इस्त्रीवाला म्हणाला, आप्पासाहेब, वरात निघाली तुमची! आप्पाही हसले. पलंगाखाली एक बटण सापडलं.

वास मात्र तिथेच सगळ्यात जास्त. इस्त्रीवाला शर्ट नाकाला लावून बाहेर पळाला.

५ फेब्रुवारी

निर्णय घेतला. मुकादमाला मागच्या शेडमध्ये हलवलं. पोत्यांचं अंथरूण केलंय, हवा कोरडी आहे. जखमेला बरं आणि घरालाही. डॉक्टरणीचं नाक काहीही म्हणो, वास कुत्र्याबरोबरच फिरतो हे मी डोळ्यांनी बघते आहे, तो असतो तिथे वास असतो. घरात आप्पा आहेत, त्यांना उगाच काही व्हायला नको.

न्यायला लागले तर आप्पांच्या पलंगाला चिकटून बसला. आजवर माझ्यावर कधी गुरगुरला नव्हता, आज गुरगुरला. पट्टा धरून ओढत नेला. बांधल्यापासून रडतोय. आप्पांना वाटलं असेल वाईट, पण ते म्हणाले, "बरं केलंस."

खिडकी दिवसभर उघडी ठेवायला लागलेत ते. थंडीत!

८ फेब्रुवारी

मुकादमाची जखम पुन्हा लाल होऊ लागलीय. गुलाबी रेघही दिसतेय, केसाएवढी. देवा, चुकले होते मी, पण पाय राहतोय असं वाटतं.

आप्पांना कणकण आहे. उघड्या खिडकीचा प्रताप. गोळी दिली. जेवण गेलं नाही, पाणी मात्र सारखं मागतात. वेळेवर औषधं घेता ना, विचारलं, तर "हो गं." मला म्हणाले, "त्याचं कसं आहे?" मी म्हटलं, सुधारतोय. तेव्हा कुठे डोळे मिटले.

वास अजून आहे. गाद्यांत मुरलेला असणार, जाता जाता जाईल.

१० फेब्रुवारी

हात चालत नाही. तरी लिहिते.

डॉक्टरीण गॉज द्यायला येऊन गेली, आणि आलीच आहे तर बघते म्हणून शेडकडे निघाली. वाट आप्पांच्या खोलीतून. ती खोलीच्या मधोमध थांबली. आप्पा पडून होते, तापाने लाल. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे.

"आजोबा, मोजे काढा."

आप्पा म्हणाले, "मी माणूस आहे बाई. तुमचा पेशंट बाहेर आहे."

"काढा म्हणते ना."

त्यांनी पांघरूण घट्ट धरलं. मी म्हटलं, अहो, त्यांना ताप आहे, थंडी वाजतेय त्यांना. तिने माझं ऐकलंच नाही. पायथ्याचं पांघरूण वर केलं. उजव्या पायाचा मोजा निघेना, तिने कात्रीने कापला.

आत पट्टी होती. बोटांकडून वर आलेली, एकसारखी, कुठे सुरकुती नाही. पट्टीखाली गॉजची घडी आणि मुकादमाचं मलम. त्याखाली दोन बोटं काळी होती आणि तळव्याला भोक. डॉक्टरणीने हाडाचं काहीतरी म्हटलं. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं. मला काय माहीत? मी आप्पांकडे बघितलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पत्रा," ते म्हणाले. "पत्रा उचलताना लागला जरासा. दुखतच नव्हतं गं. एकदाही दुखलं नाही."

१२ फेब्रुवारी

गुडघ्याच्या वर कापला. रक्तात विष गेलंय म्हणाले, कुठवर गेलंय ते सांगता येत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाकावर बसवून विचारलं, घरात कोणाला वास आला नाही का? मी म्हटलं, आला. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

आज शुद्धीवर होते. पाच मिनिटं भेटू दिलं.

मी ठरवून गेले होते की काही विचारायचं नाही, पण तोंडातून निघालंच. "आप्पा, सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो." ओठ कोरडे पडले होते, मी कापसाने पाणी लावलं. "म्हटलं, त्याचं आधी होऊ दे. मग माझं सांगू. तू एकटी, दोघांचं कुठे करत बसणार."

"असं कसं आप्पा? मी केलं नसतं का?"

"केलं असतंस गं. म्हणूनच." मग म्हणाले, "त्याला बाहेर बांधलंस तेव्हा सुटलो असं वाटलं बघ. फार मागे लागला होता माझ्या. चाटून चाटून सांगत होता तुला."

घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. असं यांच्या मनात कोणी भरवलं? मी आईचं सहा वर्षं केलं, कधी हूं की चूं केलं नाही. कोणाचं करायला नाही म्हणणारी बाई आहे का मी? यांचा स्वभावच पहिल्यापासून घुमा.

१५ फेब्रुवारी

मुकादमाला घरात आणलं. आप्पांच्या रिकाम्या पलंगाखाली शिरला आणि बाहेर येत नाही. खोलीत फिनेल मारलं, गादी फेकली, खिडक्या उघड्या टाकल्या. वास गेला. एका दिवसात गेला. मी पायथ्याशी फरशीवर बसून राहिले, लाँड्रीतला फोन वाजत होता तो वाजू दिला.

१७ फेब्रुवारी

आप्पा गेले. सकाळी, मी चहा प्यायला खाली गेले होते तेवढ्यात.

२२ फेब्रुवारी

माणसं येतात, बसतात. मला आप्पांचा राग येतो. माणूस गेल्यावर असं लिहू नये, पण येतो. एक शब्द बोलायचा होता. नुसता पाय पुढे करायचा होता. शेजारी बसून मी त्या कुत्र्याच्या पायावर मलम लावत होते आणि ते बघत होते, शिकत होते, आणि खोलीत जाऊन स्वतःच्या पायाला लावत होते. मी एवढी का भीतीदायक आहे?

मग रडू येतं आणि राग जातो. मग परत येतो.

२ मार्च

डॉक्टरणीने पट्टी कायमची काढली. मुकादमाचा पाय भरला. कातडी नवी, पातळ, चकचकीत आहे, केस यायला वेळ लागेल, पण चारही पाय टेकवून चालतो. "वाचला," ती म्हणाली आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, खाली बघून हात धूत राहिली. तिने फी घेतली नाही. मी निघताना म्हणाली, "मावशी, काही लागलं तर या." मला काय लागणार?

५ मार्च

आज दुकान उघडलं. हॉटेलच्या चादरी, दोन लग्नाचे सूट, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई पडदे घेऊन आल्या. मुकादम दारात बसला होता. बाईंनी वाकून त्याचा पाय बघितला. मी फोटो दाखवला होता त्याच त्या. किती भयंकर होतं हो ते, म्हणाल्या, मला तर जेवण गेलं नव्हतं. आता बघा, कळतसुद्धा नाही.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मुक्या जनावराची एवढी सेवा केलीत तुम्ही. मी घरी ह्यांना म्हटलंसुद्धा, जी बाई कुत्र्याच्या पायासाठी इतकं करते, तिने वडिलांना काय कमी पडू दिलं असेल? सुखाने गेले असतील हो."

"हो," मी म्हटलं.

बाईंनी डोळे पुसले. मी पडदे उलगडून डाग बघितले आणि कधी हवेत ते विचारलं.